चाकातला सूर

सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढलो, गाडीचा काटा नव्वदवर स्थिरावला आणि मागच्या सीटवरून आईने विचारलं, "अरे, हा घुमल्यासारखा आवाज कशाचा? काही बिघडलंय का गाडीत?"

बिघडलं काहीच नव्हतं. आमची पिकअप चार दारांची, मागे हौदा असलेली. द्राक्षाचे क्रेट, खताच्या गोण्या आणि महिन्यातून एकदा आईला बहिणीकडे छत्रपती संभाजीनगरला नेणं, ही सगळी कामं तिच्याकडेच. कंपनीतून आलेले टायर पंचावन्न हजार किलोमीटरला झिजले, तेव्हा मी नवे घेतले ते दिसण्यावर गेलो. मोठमोठे ठोकळे, खोल चर, कडेपर्यंत उतरलेली नक्षी. शेतातल्या चिखलात ते चांगले चालले. पण महिन्याला शेतातले दहा किलोमीटर आणि डांबर-काँक्रीटवरचे दीड हजार, हा हिशोब मी केलाच नव्हता. बहिणीच्या दारात उतरताना आई म्हणाली, "कानात अजून घुमतंय रे." पाठदुखीची तिची तक्रार जुनी आहे, आता त्यात कानांची भर पडली, ती माझ्या निवडीमुळे.

त्या दिवसापासून मी टायरकडे नीट बघायला लागलो, आणि बघता बघता थक्क होत गेलो.

पहिला धडा टायरच्या दुकानातल्या चाचांनी दिला. गाडी जॅकवर घेतली आणि ते म्हणाले, "साहेब, डोळ्यांनी बघू नका. हात फिरवा. आधी एका बाजूने, मग उलटा." मी तळहात नक्षीवरून फिरवला. एका दिशेने सगळं गुळगुळीत. उलट दिशेने फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना करवतीच्या दातासारखी लागली. ठोकळ्याचं एक टोक रस्त्याला आधी टेकतं, दुसरं शेवटी सुटतं. सुटताना रबर थोडं घसरतं आणि तेवढंच जास्त झिजतं. हजारो किलोमीटरनंतर प्रत्येक ठोकळा उतरत्या छपरासारखा तिरका होतो आणि टायर घरघरायला लागतो. उंच, सुटे ठोकळे असलेल्या टायरमध्ये हे लवकर होतं, आणि मी चाकांची अदलाबदल एकदाही केली नव्हती. पुष्कळ लोक हा आवाज बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलतात. चाचांची कसोटी साधी आहे: काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा. रस्ता तोच असताना नुसत्या वळणावर, वजन एका बाजूला गेल्यावर वाढला किंवा थांबला, तर बेअरिंग बघा.

घरी येऊन मी एक गणित मांडलं. गाडीचं वजन साधारण दोन टन, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ५०० किलो. टायरमधली हवा ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ अडीच किलो दाब. ५०० भागिले अडीच, उत्तर २००. चाक रस्त्याला टेकतं ती जागा ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटं पसरलेल्या मोठ्या पंजाएवढी. चारही चाकांची मिळून झेरॉक्सच्या ए-४ कागदाच्या सव्वापट. गाडी, माणसं, द्राक्षं, सगळ्यांचा जमिनीशी संबंध फक्त एवढ्या जागेतून. ब्रेक लागतो तो तिथेच, वळण घेतलं जातं ते तिथेच, आणि आवाज जन्मतो तोही तिथेच. शिवाय हे वजन रबर फारसं उचलत नाही. रबर आणि दोरे फक्त हवेला धरून ठेवतात. वजन पेलते ती हवा.

आता त्या पंजाएवढ्या जागेत काय काय चालतं ते ऐका. ताशी ८० किलोमीटरला माझ्या गाडीचं चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. घेरावर समजा ७० ठोकळे असतील, तर सेकंदाला साडेसहाशे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात. हा झाला ठोका. प्रत्येक ठोकळा टेकताना चरातली हवा चेपली जाऊन बाहेर फेकली जाते आणि तो सुटताना परत आत ओढली जाते, टाळी वाजवताना तळव्यांमधली हवा निसटते तशी. लांब, सरळ चर रस्त्याला टेकल्यावर खालून रस्त्याने बंद होतो आणि दोन्ही टोकांना उघडा राहतो. ही सरळसरळ बासरी झाली! वीतभराहूनही आखूड या नळीचा सूर सेकंदाला साधारण हजार-बाराशे कंपनांचा निघतो, आणि तो गाडीच्या वेगावर अवलंबून नसतो. गाडी पळवली तर बासरी जोरात वाजते, पण सूर बदलत नाही, कारण सूर ठरतो नळीच्या लांबीवर. टायरच्या आवाजाचा जोर हजार कंपनांच्या आसपास का असतो, त्याचं एक कारण हे. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता त्याच्या आसपास आणि थोडी वर असते. म्हणूनच गोंगाट करणाऱ्या टायरच्या गाडीत मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ऐकू येत नाही आणि सगळे ओरडून बोलायला लागतात.

यावर कळस म्हणजे भोंगा. गोल टायर सपाट रस्त्याला जिथे भेटतो, तिथे पुढे आणि मागे पाचरीच्या आकाराची फट तयार होते. टोकाशी अगदी अरुंद, बाहेर रुंद होत जाणारी. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा आठवा. सुईची कुजबुज तो खोलीभर करायचा. टायर आणि रस्ता मिळून तसाच कर्णा घडवतात, आणि नेमका जिथे आवाज जन्मतो तिथे त्याचं अरुंद तोंड असतं. या कर्ण्यामुळे काही सूर १० ते २० डेसिबलने वाढतात. १० डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट. कुणी मुद्दाम वाद्य बनवायला बसलं असतं, तरी याहून नेटकी मांडणी सुचली नसती.

आणखी एक सूर टायरच्या पोटात असतो. चाचांच्या दुकानात हवा भरलेलं चाक सिमेंटच्या फरशीवर पडलं की 'टंग्ग' असा धातूसारखा नाद येतो. तो रिमचा वाटतो, पण त्यात मोठा वाटा आतल्या हवेचा आहे. टायरच्या आत हवेचं गोल कडं असतं. माझ्या २५५/६० आर१८ मापात त्या कड्याचा मधला घेर १.९ मीटरच्या आसपास येतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की सेकंदाला १८० कंपनं. पेटीवर शोधलं तर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधला स्वर. पुलाच्या सांध्यावरून, खड्ड्याच्या कडेवरून चाक गेलं की ही हवा तो स्वर धरते. तो काचेतून येत नाही, रिम, अ‍ॅक्सल आणि चेसीतून सीटपर्यंत चढतो, म्हणून काच लावून उपयोग होत नाही. काही कंपन्या टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवून हा सूर दाबतात. विजेच्या गाड्यांत इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा उघडा पडतो, तिथे असे टायर जास्त दिसतात. पिकअपच्या मापात ते शोधत बसू नका. आणि नायट्रोजन भरला की गाडी शांत होते असं कुणी सांगितलं, तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि दोन्हींतला आवाजाचा वेग जवळजवळ सारखाच असतो, एवढं लक्षात ठेवा.

मला सगळ्यांत जास्त भुरळ घातली ती मात्र ठोकळ्यांच्या लांबीने. सगळे ठोकळे एकाच मापाचे असते, तर साडेसहाशे ठोके अगदी समान अंतराने पडले असते आणि भोंग्यासारखा एकच लांबलचक, टोचणारा सूर निघाला असता. म्हणून टायर आखणारे ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात. मी खडू आणि शाळेची पट्टी घेऊन अंगणात बसलो. एक ठोकळा २९ मिलिमीटर, पुढचा ३४, मग ४०, परत ३४, २९, २९, ४०. नजरेला सगळे सारखेच दिसतात! त्यांचा क्रम कुठेही सहज आलेला नसतो, तो संगणकावर असंख्य क्रम ताडून निवडलेला असतो. त्यामुळे ऊर्जा एकाच सुरावर न साचता पुष्कळ सुरांत वाटली जाते. आवाज पूर्णपणे जात नाही, पण त्याची जात बदलते. ढोल पथकात साठ ढोल एका ठोक्यावर पडले की छातीत हादरा बसतो. तेच साठ जण आपापल्या ठेक्याने सराव करत असले की नुसता कल्लोळ ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. शेजारशेजारच्या ओळीही एकमेकींपासून थोड्या सरकवलेल्या असतात, म्हणजे दोन ठोकळे एका क्षणी टेकू नयेत. चांगल्या टायरचा आवाज कौलांवरच्या संततधारेसारखा असतो. त्यात झोप लागते.

मग मनात आलं की आवाजाची ही काळजी अलीकडची असेल, आरामाच्या गाड्या आल्यानंतरची. तसं नाही. हवेच्या टायरच्या जन्मातच आवाज कमी करण्याचा हेतू होता. स्कॉटलंडच्या स्टोनहेवन गावचा रॉबर्ट विल्यम थॉमसन हा २३ वर्षांचा तरुण. त्याने १८४५ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारगाडी नव्हती, सायकलही आजच्या रूपात नव्हती. लोखंडी धावेच्या घोडागाड्या दगडी फरसबंदीवर खडखडत. थॉमसनने पेटंटच्या मजकुरातच तीन हेतू लिहिले: गाडी ओढायला कमी जोर लागावा, चाल सुखाची व्हावी आणि चालताना होणारा आवाज कमी व्हावा. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी, तिच्यावर चामड्याचं वेष्टन, अशी त्याची चाकं होती, आणि ती लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला लावून चालवून दाखवली गेली. पण पातळ, चांगलं रबर तेव्हा मिळणं अवघड आणि महाग. कल्पना मागे पडली आणि विसरली गेली. पुढे बेलफास्टमध्ये राहणारे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला, १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि थोड्याच वर्षांत ते पेटंट रद्द झालं, कारण थॉमसनने तेच काम चार दशकं आधी नोंदवून ठेवलेलं होतं. ओढ कमी, चाल सुखाची, आवाज कमी: आज टायर घेताना आपण याच तीन गोष्टी विचारतो.

रस्त्याचाही या आवाजात वाटा आहे, तो टायरवर ढकलू नये. काँक्रीट ओलं असताना पकडीसाठी त्यावर आडव्या रेघा ओढतात. त्या रेघांवरून चाक जाताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि सांध्यांवर खट्-खट् होते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो आपण सगळे ऐकतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्याने २००३ मध्ये फिनिक्सच्या काँक्रीटच्या महामार्गांवर सुमारे इंचभर जाडीचा रबरमिश्रित डांबराचा थर देण्याचा उपक्रम सुरू केला, आजूबाजूच्या घरांना आवाज कमी यावा म्हणून. त्या डांबरातलं रबर जुन्या टायरांच्या चुऱ्याचं. झिजलेले टायर रस्ता होऊन नव्या टायरांचा आवाज गिळतात, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आता निवडीकडे येतो. पिकअपच्या मापात तीन जाती मिळतात. चिखलाचे एम/टी, सगळीकडचे ए/टी आणि महामार्गाचे एच/टी. एम/टीमध्ये ठोकळे मोठे, चर रुंद, त्यामुळे ठोकाही मोठा आणि हवेचा फटकाही मोठा. एच/टीमध्ये ठोकळे लहान, एकमेकांना चिकटून, मधोमध सलग पट्टे. ए/टी दोन्हींच्या मधले, पण त्यातही सौम्य आणि दांडगे असे प्रकार आहेत. ज्याची गाडी रोज बांधावरून, नदीपात्रातून जाते, त्याने ए/टीच घ्यावेत, चिखलात अडकलेल्या गाडीतल्या शांततेचा उपयोग काय? पण वर्षाचा नव्वद टक्के प्रवास पक्क्या रस्त्यावर असेल तर एच/टी घ्या, हे माझं ठाम मत आहे. मग अगदी गुळगुळीतच का नको, असं कुणी विचारेल. चर नसलेला टायर सर्वांत शांत असेल, पण कसाऱ्याच्या घाटात आषाढातल्या पावसात तो पाण्यावर तरंगेल. चर पाणी बाहेर काढतात आणि चरच गातात, त्यामुळे थोडा सूर पत्करावाच लागतो.

टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला शिका. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १५३ मिलिमीटर. १८ हा रिमचा इंचातला व्यास. ही बाजूची भिंत तुमची पहिली स्प्रिंग आहे. तिची उंची घटली की बारीक खड्डे सरळ कण्यापर्यंत पोचतात. म्हणून दिसायला छान म्हणून मोठी रिम आणि पातळ टायर पिकअपला लावू नका, आणि गरजेपेक्षा रुंदही घेऊ नका. रुंद टायर जास्त हवा चेपतो, जास्त बोलतो. पुढे ११२टी असं काही असतं. ११२ म्हणजे एका टायरची क्षमता ११२० किलो. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी कधीच नको. पण उगाच खूप वरचाही नको. दहा प्लायचे मालवाहू टायर भिंतीला ताठ आणि वजनाला जड असतात. रिकाम्या हौद्याची पिकअप मुळातच मागून उडते, कारण मागचे पाटे वजन वाहायला बनवलेले असतात. त्यात असे टायर लावले तर मागच्या सीटवरच्या माणसाची पाठ भरून येते.

बनावटीची तारीख बघा. शेवटचे चार आकडे २३२४ असतील तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर वयाबरोबर कडक होतं, आणि कडक रबर जास्त वाजतं. युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर आवाजाचा डेसिबल आकडा छापतात. आपल्याकडे एआयएस-१४२ या मानकात आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि चाक फिरताना होणारा विरोध या तिन्हींची कसोटी आहे. मात्र ती चाचणी गाडीबाहेरच्या आवाजाची असते. गाडी इंजिन बंद करून मायक्रोफोनसमोरून घरंगळत जाते आणि मायक्रोफोन असतो साडेसात मीटरवर. पोटातला १८० चा सूर तुमच्या सीटपर्यंत किती येतो, ते त्या आकड्यात नसतं. म्हणून तीच गाडी आणि तेच टायर असलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर दहा किलोमीटर मागच्या सीटवर बसून या.

हवेच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात. माझ्यासकट कितीतरी पिकअपवाले बारा महिने भरलेल्या गाडीचीच हवा ठेवतात आणि गाडी उडते म्हणून टायरला दोष देतात. रिकाम्याचा आकडा ठेवला की फरक पहिल्याच गतिरोधकावर कळतो. पण त्या आकड्याच्या खाली उतरू नका. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो, आणि समृद्धीसारख्या लांब, सरळ, तापलेल्या रस्त्यावर फुटतो.

मी शेवटी एच/टी घेतले, चारही एकाच कंपनीचे, मूळ मापाचे, ११२ क्षमतेचे. जुने ए/टी अजून चालण्यासारखे होते, ते भावाच्या ट्रॉलीला लावले. नव्यांवर आता अकरा हजार किलोमीटर झाले आणि दर आठ हजारांना चाकं पुढची मागे, मागची पुढे करायची असं ठरवून पहिली फेरी केली आहे. मागच्या महिन्यात गोंद्याहून निघालो. वैजापूर मागे पडेपर्यंत आई मामाच्या घरची एक जुनी गोष्ट सांगत होती, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, आणि मला पुढे बसून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तुम्ही टायर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला सांगून तो आडवा ठेवा, कडेच्या ओळीवर बोट ठेवा आणि एक फेरा पूर्ण करा. लहान, मधला, मोठा, परत मधला. बोटाला माप कळलं नाही तर खिशात पट्टी ठेवा.